आनंदनगरच्या सर्व्हरचं दुखणं

पूर्ण मेलेलं मशीन मला कधीच आवडलं नाही. बटण दाबलं, दिवा लागला नाही, पॉवर सप्लाय बदलला, दिवा लागला, चहा घेतला, निघाले. यात डोकं कुठे लागतं? खरी मजा अधूनमधून मरणाऱ्या मशीनची. सकाळी ठणठणीत, दुपारी ठार, आणि तुम्ही धापा टाकत पोचावं तर पुन्हा ठणठणीत. मालक तुमच्याकडे संशयाने बघतो आणि मशीन आपलं निरागसपणे गुरगुरत असतं. असलं काही हाती लागलं की माझी भूक उडायची. आई म्हणायची, "हिला बघायला स्थळ येणार म्हटलं तरी हिचा चेहरा इतका फुलत नाही." खरंच फुलत नसे.

आता मी काम थांबवलंय. आमच्या धंद्यात माणूस वयाने निवृत्त होत नाही, गुडघ्यांनी होतो, कारण सगळी दुखणी टेबलाखाली असतात. पण दोन हजार सालानंतरची काही वर्षं विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या एका खोलीतून मी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर असा सगळा पट्टा सांभाळला. कॉम्प्युटरची हार्डवेअर दुरुस्ती. आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात मी एकटी मुलगी होते, आणि पुढे या धंद्यातही बराच काळ एकटीच बाई होते. गिऱ्हाईक विचारायचं, "साहेब कुठे आहेत?" मी टेबलाखालून ओरडायचे, "इथे."

ज्यांचा या प्रकाराशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सर्व्हर म्हणजे ऑफिसातलं मुख्य मशीन. बाकीचे सगळे त्याच्या जिवावर जगतात. ते हँग झालं, म्हणजे जागच्या जागी थिजलं, की सगळ्या टेबलांवरचे पडदे एकदम थिजतात. छोट्या कारखान्यांमध्ये त्या काळी लिनक्स नावाची प्रणाली नुकती शिरत होती. चांगली होती, दणकट होती, पण फुकट मिळायची, आणि त्यामुळेच तिची पत नव्हती. मशीन हँग झालं रे झालं की पहिलं बोट तिच्याकडे. फुकटात आणलंय ना, मग भोगा.

माझा अनुभव वेगळा होता. उल्हासनगरच्या एका जीन्स शिवणाऱ्या कारखान्यात सर्व्हर दुपारनंतर हटकून थिजायचा. तिथेही सगळे लिनक्सला शिव्या घालत होते. झाकण उघडलं तर आत निळ्या लोकरीची जाडजूड गोधडी. कापडाचा भुगा पंख्याने ओढून ओढून आत साठला होता आणि मशीन अक्षरशः उकडून बेशुद्ध पडत होतं. बदलापूरच्या एका दवाखान्यातल्या मशीनच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवरची वीज साठवणारी इवली डबडी, पुरीसारखे टम्म फुगले होते. त्या वर्षांत असे फुगणारे कपॅसिटर पोत्याने बघितले. सांगायचं इतकंच, की सॉफ्टवेअर बिचारं बहुतेक वेळा निर्दोष असायचं. पण निर्दोष आहे म्हणून भागत नाही, खरा दोषी पकडून दाखवावा लागतो. त्यासाठी माझा एकच नियम होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन सुधारलं, तर तुम्ही दुरुस्ती केलीत, निदान केलं नाहीत. आणि मला निदानाचं वेड होतं.

दिवाळी नुकतीच सरली होती तेव्हा गोपसेठचा फोन आला. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत त्यांचा कापडाच्या रंगांना लागणारी रसायनं बनवण्याचा कारखाना होता. त्यांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरची देखभाल माझ्याकडे होती, सर्व्हर मात्र त्यांचा माणूस बघायचा.

"मॅडम, वो सर्व्हर फिर मर गया. बाहर टँकर की लाईन लगी है, ड्रायव्हर लोग हॉर्न बजा बजाके मेरा भेजा खा रहे हैं. तुम आओ, अभी आओ."

मी पोचले तेव्हा खरंच रस्त्याच्या वळणापर्यंत टँकर उभे होते. गेटवरच्या वजनकाट्यापासून लॅबपर्यंत सगळं त्या एका सर्व्हरवर चालायचं. तो थिजला की माल आत येईना आणि बाहेर जाईना. गोपसेठ गेटवर स्वतः उभे होते. वय साठीच्या आसपास, फाळणीनंतर उल्हासनगरच्या सिंधी कॅम्पात वाढलेले, वडिलांच्या पाठीवरच्या पापडाच्या गाठोड्यापासून इथवर आलेले. आवाज मोठा, मन त्याहून मोठं, आणि धीर अजिबात नाही.

त्यांच्यामागे शशिकांत उभा होता. सर्व्हर सांभाळणारा तो हाच. बदलापूरजवळच्या चामटोलीचा, शेतकऱ्याच्या घरचा. कारखान्यात लागला तो गेटवर वजनाच्या पावत्या फाडायला. संध्याकाळी क्लास करून कॉम्प्युटर शिकला, आणि एक दिवस गोपसेठच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाला, सेठ, हे सगळं एका मशीनवर आणता येईल, मी आणतो. आणि आणलं त्याने. लिनक्स त्यानेच निवडलं, त्यानेच बसवलं, रात्रंदिवस खपून चालू केलं. वर्षभर सगळा कारखाना त्याचं कौतुक करत होता. मग मशीन हँग व्हायला लागलं. आधी महिन्यातून एखाद वेळी, मग पंधरवड्याने, आणि आता तर आठवडाही धड जाईना.

"मॅडम, लिनक्स नाहीये हो," तो मला बाजूला घेऊन म्हणाला. "मी सगळे लॉग वाचले. मरताना काही लिहूनच ठेवत नाही तो. एकदम गप्प."

"मग नक्कीच हार्डवेअर," मी म्हटलं. माझी कळी खुलायला लागली होती. "सॉफ्टवेअर मरताना काहीतरी बडबडतं. असा गप्प जातो त्याच्या अंगातच काहीतरी असतं."

पण गोपसेठना अंगातलं-बाहेरचं ऐकायचं नव्हतं. कोणी एक टायवाला गृहस्थ त्यांना भेटून गेला होता आणि फुकटाचं काढून आमचं विकतचं घ्या असं पटवून गेला होता. त्यात परदेशी गिऱ्हाईकाची माणसं तपासणीला यायची होती. ती गोदामातल्या कुठल्याही ड्रमवर बोट ठेवणार, आणि हा माल कधी बनला, कोणी तपासला, हे तिथल्या तिथे पडद्यावर दाखवायचं. दाखवता आलं तर मोठी ऑर्डर.

"साईं, मैं सीधा बोलता है," गोपसेठ म्हणाले. "ये मशीन इन्स्पेक्शन के पहले ठीक हुआ तो ठीक. नहीं तो लिनक्स बाहर, और शशी वापस गेट पे. पावती फाडेगा."

चामटोलीतून शर्ट खोचून निघणाऱ्या माणसाला पुन्हा त्याच गेटवर, त्याच टँकरवाल्यांसमोर बसणं काय असतं ते मला कळत होतं. माझे वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. वर चढलेला माणूस खाली उतरताना सगळे कसे बघतात ते मी लहानपणी वडिलांच्या तोंडून ऐकलंय.

मी कामाला लागले. तपासणीच्या नेहमीच्या पायऱ्या सगळ्या केल्या. पंखे फिरत होते, आत धूळ नावाला नव्हती. कपॅसिटर सपाट. वीजपुरवठा ठीक, अर्थिंग ठीक. मेमरी तपासणारा प्रोग्राम लावून दिवसभर मशीन चालू ठेवलं, एक चूक निघाली नाही. "मॅडम, आतून चकाचक आहे ना?" शशिकांतने विचारलं. "मी दर शनिवारी अर्ध्या दिवसानंतर उघडतो. फुंकणी मारतो, रॅम काढतो, रबराने घासतो, परत बसवतो."

हे रबराचं प्रकरण सांगायला हवं. रॅम म्हणजे मशीनची तात्पुरती आठवण, हिरवी पट्टी असते, तिच्या एका कडेला सोनेरी दातांची रांग. ते दात खाचेत घट्ट बसले की काम चालतं. दातांवर मळ बसला की मशीन चुका करतं. मग ती पट्टी काढायची, शाळेतल्या पेन्सिलीच्या खोडरबराने दात घासायचे, परत बसवायची, आणि काय जादू, मशीन चालू. आमच्या पट्ट्यात असा एक मेकॅनिक नव्हता ज्याच्या खिशात खोडरबर नव्हतं. क्लासमध्ये पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. त्यामुळे शशिकांत घासतो यात मला काहीच वावगं वाटलं नाही. उलट, इतका टापटिपीचा माणूस आपल्या बाजूने असताना दोष लपतोय तरी कुठे, याने मी आणखी पेटले. दुसऱ्याच दिवशी सर्व्हर पुन्हा थिजला.

पुढच्या फेरीला मी सर्व्हरच्या खोलीत बसून होते. टेबलावर शशिकांतने दिवाळीचं चांदीचं नाणं ठेवलेलं होतं. गोपसेठ दर दिवाळीला कारखान्यातल्या प्रत्येकाला लक्ष्मीची छाप असलेलं नाणं द्यायचे, मलाही दिलं होतं. आमच्या घरी लक्ष्मीपूजन नसतं, पण चांदी ती चांदी, मी ते काचेच्या कपाटात ठेवलं होतं. शशिकांतचं नाणं उचललं आणि बघतच राहिले. तव्यासारखं काळं पडलं होतं.

"हे कुठलं जुनं?" मी विचारलं.

"जुनं कुठलं, यंदाचंच आहे. शुभ म्हणून सर्व्हरशेजारी ठेवलंय."

माझं घरचं नाणं आरशासारखं चमकत होतं. एकाच पिशवीतून निघालेली दोन नाणी. आनंदनगरला सडक्या अंड्याचा वास कधीमधी येतोच. कुठल्या कारखान्यातून येतो ते कोणी सांगत नाही, प्रत्येक जण शेजारच्याकडे बोट दाखवतो. आपण नाक दाबतो आणि विसरतो. चांदी विसरत नाही. तो वायू चांदी खातो, तांबं खातो, आणि मशीनच्या आत तांब्याशिवाय आहे काय?

मी नाणं घेऊन जवळजवळ पळतच केबिनमध्ये गेले. "सेठ, सापडलं. तुमची हवा मशीन खातेय."

गोपसेठनी नाणं उलटसुलट करून बघितलं, माझं सगळं व्याख्यान ऐकलं आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, बाजूवाला क्यों नहीं मरता?"

"कुठला बाजूवाला?"

"उसका भाई. मैंने दो लिया था ना, एक साथ. एक पे रोज का काम, दुसरे पे कॉपी. दोनों एकही हवा खाते हैं."

खरंच होतं. मुख्य सर्व्हरला, म्हणजे थोरल्याला, चिकटून त्याचा जुळा धाकटा भाऊ उभा होता. तीच कंपनी, तेच मॉडेल, एकाच दिवशी घेतलेले. रोजच्या कामाची नक्कल त्याच्यावर साठवली जायची. तो एकदाही हँग झाला नव्हता. माझी सगळी हवाच निघून गेली. मला राग आला, पण त्याहून जास्त आनंद झाला. ज्या धंद्यात प्रश्न सुटला की संपतो, तिथे सुटलेला प्रश्न पुन्हा जिवंत होणं ही पर्वणीच.

घरी जेवताना, स्कूटरवर, भाजी निवडताना एकच विचार. हवा तीच, वीज तीच, लिनक्स तेच, वयही तेच. मग या दोघांत फरक काय? काम जास्त-कमी, हा एक फरक. तो तपासायचा म्हणून मी शशिकांतला सांगून दोघांची कामं बदलली. रोजचं काम धाकट्यावर, नक्कल थोरल्यावर. आठवडा सरला. कामाच्या ओझ्याखाली धाकटा खुशाल चालत राहिला, आणि थोरला जवळजवळ रिकामा बसूनही थिजला. म्हणजे दोष कामात नव्हता, थोरल्याच्या अंगातच होता.

मग मी दोघांनाही बंद करून टेबलावर आडवे घेतले. शशिकांत शेजारी उभा. धाकट्याच्या झाकणावर कंपनीचं वॉरंटीचं स्टिकर जसंच्या तसं होतं.

"हा कधी उघडला नाहीस?"

"नाही मॅडम. स्टिकर फाटलं तर वॉरंटी जाते ना. थोरल्याचं पहिल्याच महिन्यात फाटलं होतं, म्हणून त्याला उघडतो."

मी स्टिकर कापलं, धाकट्याची रॅम काढली आणि थोरल्याच्या रॅमशेजारी पांढऱ्या कागदावर ठेवली. शशिकांतने टेबललॅम्प जवळ ओढला. धाकट्याचे दात पिवळेधमक, नव्या अंगठीसारखे. थोरल्याचे फिकट, करडे, कडेला लालसर झाक आणि त्यावर काळपट ठिपके. सोनं गेलं होतं. त्या दातांवर सोन्याचा मुलामा अगदी नावापुरता असतो, आणि तो असतो कशासाठी? आतल्या धातूला हवा लागू नये म्हणून. दर शनिवारी रबर फिरत होतं, मुलामा झिजत होता, आणि उघड्या पडलेल्या धातूवर आनंदनगरची हवा तुटून पडत होती. काळपटपणा दिसला की शशिकांत आणखी जोर लावून घासत होता. जितकं घासावं तितकं लवकर काळवंडणार, जितकं काळवंडणार तितकं मशीन जास्त थिजणार, आणि जितकं थिजणार तितकं हा जास्त घासणार. महिन्याचं पंधरवड्यावर आणि पंधरवड्याचं आठवड्यावर कसं आलं, सगळं एका क्षणात उलगडलं. नुसती हवा त्या मशीनला मारू शकत नव्हती, आणि दुसऱ्या गावात नुसतं रबरही इतक्या लवकर मारू शकलं नसतं. दोघं मिळून मारत होती.

"सापडलं!" मी टेबलावर हात आपटला. इतका आनंद मला क्वचित झालाय. खोलीत नाचायचं तेवढं बाकी होतं. मग मी शशिकांतकडे बघितलं.

तो ते करडे दात बघत होता. "मीच केलं," तो हळूच म्हणाला. "मॅडम, मीच मारत होतो त्याला."

आळशीपणाने, हलगर्जीपणाने मशीनची वाट लावणारे मी ढिगाने पाहिले होते आणि त्यांना झापलंही होतं. काळजीने वाट लावणारा हा पहिलाच. शनिवारी सगळे घरी गेल्यावर एकटा बसून हा माणूस ते दात घासत होता, लहान मुलाचे घासावेत तसे. मला त्याची फार दया आली आणि दया आल्याचा रागही आला.

केबिनच्या बाहेर मी त्याला थांबवलं. "हे बघ, मी सेठना वायूचं सांगते. नवी रॅम टाकू, खोली बंद करू. यात खोटं काही नाही."

"अर्धंच आहे ना पण."

"अर्ध्यात तुझी नोकरी वाचतेय, शशिकांत."

"आणि उद्या मी रजेवर गेलो आणि दुसरा कोणी रबर घेऊन बसला तर?" त्याने शर्ट नीट खोचला. "लिनक्सवर खोटा आळ आला तेव्हा मी किती भांडलो, मॅडम. आता खरं सापडलंय तर मीच झाकू का?"

आत जाऊन बोलला तोच. एका दमात बोलला. हवेचं सांगितलं, रबराचं सांगितलं, कागदावरच्या दोन्ही पट्ट्या टेबलावर ठेवल्या. मी नुसती उभी. गोपसेठनी चष्मा लावून ते दात बघितले.

"कबसे घिसता था?"

"पहिल्यापासून, सेठ."

"किसने बोला था?"

"कोणी नाही. मशीन चांगलं राहावं म्हणून."

गोपसेठनी चष्मा काढला. मग माझ्याकडे वळले. "मॅडम, ठीक होगा?"

"होईल. नक्की होईल."

"तो करो. और टायवाले को मैं बोलता है, अभी मत आओ." मग शशिकांतकडे बोट रोखलं. "और तू. इन्स्पेक्शन तक मशीन का ढक्कन नहीं खोलने का. मशीन बंद पडा, तो गेट. हाथ जेब में रख."

मी थोरल्याच्या रिकाम्या खाचा फवाऱ्याने साफ केल्या, नवी रॅम बसवली आणि रोजचं काम परत त्याच्याकडे दिलं. खिडकीच्या फटी बुजवल्या आणि हवा आत येण्याच्या वाटेवर वायू शोषणाऱ्या खास कोळशाची चाळणी लावली. माझं काम तेवढ्यावर संपलं. शशिकांतचं अवघड काम तिथून सुरू झालं. काहीच न करणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात कठीण काम आहे, आणि ते कुठल्याही क्लासमध्ये शिकवत नाहीत. शनिवारी दुपारी त्याचा फोन यायचा.

"मॅडम, चालू आहे."

"मग फोन कशाला केलास?"

"करायला काही नाहीये म्हणून."

तपासणीच्या दिवशी गोपसेठनी मलाही बोलावून घेतलं. सगळा कारखाना धुऊन पुसून काढला होता. परदेशी पाहुणे दोघं होते, एक उंच, पिकल्या केसांच्या बाई आणि त्यांच्यासोबत एक तरुण. बाई फार कमी बोलायच्या. गोदामात फिरल्या, एका ड्रमवर टकटक केलं, आणि आम्ही सगळे लॅबमधल्या टर्मिनलपाशी आलो. शशिकांतने ड्रमचा नंबर टाकला आणि एंटर दाबलं.

काही नाही. पडदा जागच्या जागी. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "माझंही बंद आहे." तिच्यापलीकडचंही बंद.

गोपसेठच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी शशिकांतकडे पाहिलं, आणि तो सर्व्हरच्या खोलीकडे धावला. मी माझे गुडघे विसरून त्याच्या मागे. आत शिरलो तेव्हा त्याचा हात सवयीने स्क्रू-ड्रायव्हरकडे गेलेला मी पाहिला. झाकण उघडणार हा, मी मनात म्हटलं, संपलं सगळं.

त्याने हात मागे घेतला. दोन्ही हात खिशात घातले आणि क्षणभर नुसता उभा राहून मशीनकडे बघत राहिला. मग एक बोट काढून कीबोर्डवरचं नम लॉकचं बटण दाबलं. छोटा हिरवा दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. मशीन थिजलेलं असतं तर तो दिवा हलला नसता.

"मॅडम, हा जिवंत आहे," तो ओरडला. "बाहेर काहीतरी मेलंय!"

मला हसू फुटत होतं. बरोब्बर, अगदी बरोब्बर. सर्व्हरमधून निघणारी वायर धरून आम्ही दोघं उलटे पॅसेजमध्ये आलो. तिथे भिंतीवर स्विचची पेटी होती, सर्व्हर आणि सगळ्या टेबलांना जोडणारी. तिचे सगळे दिवे विझलेले. तिचा प्लग खाली लोंबकळत होता, आणि त्याच्या सॉकेटमध्ये एक पांढरं, गोंडस, विजेवर चालणारं यंत्र बसलं होतं. त्यातून गुलाबाचा वास येत होता.

शशिकांतने ते उपटलं, पेटीचा प्लग लावला, दिवे लुकलुकायला लागले. आम्ही लॅबमध्ये परतलो तोवर पडद्यावर ड्रमची सगळी कुंडली आलेली होती. तारीख, बॅच, तपासणाऱ्याचं नाव. बाईंनी वाकून वाचलं आणि मान हलवली. मग विचारलं, काय झालं होतं?

गोपसेठचा आवाज चढला. "प्लग किसने निकाला? कौन था वो?"

शिपाई जमिनीकडे बघायला लागला. शशिकांतच्या हातात अजून ते गुलाबाचं यंत्र होतं. त्याने ते पुढे धरलं.

"सेठ, हे तुमचं आहे. मघाशी सगळे गोदामात असताना तुम्ही हे घेऊन पॅसेजकडे गेलात, तुम्हीच लावलंत. पाहुण्यांना वास येऊ नये म्हणून."

मी डोळे मिटून घेतले. एवढ्यासाठी त्याला वाचवलं का मी, असं मनात आलं. उघडले तेव्हा गोपसेठ ते यंत्र हातात घेऊन उभे होते, कानापर्यंत लाल. त्यांनी त्या बाईंकडे पाहिलं, शशिकांतकडे पाहिलं, आणि शाळेतल्या मुलाने बाईंसमोर करावा तसा उजवा हात वर केला.

"मॅडम, आय डिड," ते म्हणाले. "माय मिस्टेक. नॉट मशीन. नॉट धिस बॉय."

बाईंना हसू आलं. त्यांनी पुढच्या ड्रमचा नंबर सांगितला आणि शशिकांत टाईप करायला बसला. मी मागे उभी राहून डोळे पुसत होते आणि कोणी बघतंय की नाही याची मला पर्वा नव्हती. "किसने किया?" हा प्रश्न मी या पट्ट्यातल्या प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक दुकानात, टेबलाखाली बसून ऐकलाय. विचारणाऱ्यानेच त्याचं उत्तर दिलेलं त्या एकाच वेळी ऐकलं.